सहावा ग्लास

लिहायला बसलो आहे खरा, पण हे मी करावं की नाही, याची अजून खात्री वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुस्तकात छापावं असं माझ्या हातून काही घडलेलंही नाही. घडली ती एक चूक. ती सांगण्यापुरतं वाचणाऱ्याने मला सांभाळून घ्यावं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आष्ट्याजवळच्या आमच्या गावातून मी सांगलीला बीएस्सीला आलो होतो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एक शिपाई होते, कुंडलचे, मिलिटरीतून रिटायर झालेले. सगळे त्यांना मामा म्हणत. मला काचेची भांडी धरायची भीती वाटायची, ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "धर की रं. फुटली तर फुटली, चावत न्हाई ती."

त्या वर्षी हॅलोजन शिकवायला होते. सरांनी आयोडीन तापवून दाखवलं, जांभळी वाफ वर चढली. मग ब्रोमिनची बाटली दाखवली, आत तांबूस धूर कोंडलेला. क्लोरीन हिरवट पिवळा, डोळे ताणले तर दिसणारा. फ्लोरिन दाखवायला नव्हताच. "तो जवळजवळ दिसतच नाही," सर म्हणाले. एकेक पायरी वर जावं तसा रंग विरत गेला होता. सर्वांत वरच्या पायरीवर कुणीतरी उभं आहे आणि आपल्याला ते दिसत नाही, असं मला वर्गात बसल्या बसल्या वाटलं. शेजारच्याला सांगितलं असतं तर तो हसला असता.

मग त्यांची हायड्रोजनबरोबरची संयुगं आली. मी क्रम पाठ केला: हायड्रोआयोडिक सर्वांत तीव्र अ‍ॅसिड, मग हायड्रोब्रोमिक, मग हायड्रोक्लोरिक, आणि हायड्रोफ्लोरिक सर्वांत सौम्य. उत्कलनबिंदूंचा आलेख फळ्यावर काढताना मात्र सरांची रेघ शिस्तीत खाली आली आणि फ्लोरिनपाशी एकदम वर उसळली. "हा रांगेत बसत नाही," ते म्हणाले. मी रेघ उतरवून घेतली. ते वाक्य नाही घेतलं.

मामांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं घालतात. पितळेवर ठोकून घालता येतात. मामांनी मिलिटरी कँटीनमधून काचेचे सहा ग्लास आणले होते, आणि काचेवर ठोकणार कसं? लॅबमधल्या बाटल्यांवर नंबर कसे घालतात ते त्यांना माहीत होतं. मेण चढवायचं, सुईने अक्षरं कोरायची, वर हायड्रोफ्लोरिक लावून थोडा वेळ ठेवायचं; लवकर धुतलं तर अक्षर डोळ्याला दिसतही नाही. ते काच खातं, म्हणून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवलेलं असे.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं बसलो. लेक, जावई, व्याही, विहीणबाई आणि मामी, अशी पाच नावं मेणावर कोरून झाली.

"सहाव्यावर तुमचं घाला," मी म्हणालो.

"माझं कशाला? तुजी मामी माझं नाव घेत न्हाई, त्या ग्लासात पानी तरी प्यायची का?" ते हसले. मग बाटलीकडे बघून म्हणाले, "रबराचं हातमोजं फाटल्यात. हे लय जळतं का रं? तू शिकलास."

तू शिकलास, असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी क्रम म्हणून दाखवला. "चौघांत हेच सौम्य आहे, मामा. आपण मिठाचं अ‍ॅसिड, हायड्रोक्लोरिक, रोज हाताळतो, ते याच्यापेक्षा कडक."

मामांनी कापूस उघड्या बोटांत धरला. बोटं ओली झाली. "खरंच की. पान्यागत लागतंय." तेवढ्यात घंटा झाली. "पळ, तास चुकंल तुजा. सहावा मी बघतो."

संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी. फोड नव्हता, लाली नव्हती. मिलिटरीतला माणूस भिंतीला टेकून रडत होता. "वर काय न्हाई रं. आत कायतरी खातंय."

मिरजेला दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "उघड्या हाताने लावायला कुणी सांगितलं?" मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कुनी न्हाई. माझंच डोकं." मी तेव्हा बोलायला हवं होतं. नंतर एकदा धीर करून सहाव्या ग्लासाचं विचारलं, तर म्हणाले, "कोराच ऱ्हायला."

पुढे मी साताऱ्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो. मामांना पत्र लिहायचं दर सुट्टीत ठरवत होतो. एका जूनमध्ये कुंडलचा एक नवा विद्यार्थी लॅबच्या दाराशी माझ्या नावाची पाटी वाचत बराच वेळ उभा राहिला.

"सर, हे नाव आमच्या घरात हाय."

तो मामांचा भाचा होता. मामा उन्हाळ्यात गेले होते. दहाव्याला पाहुण्यांना चहा द्यायला ग्लास कमी पडले, म्हणून फळीवरचा कोरा ग्लास काढला. गरम चहा ओतल्यावर काचेवर वाफ धरली, आणि त्या वाफेत एक नाव उमटलं. चहा निवला तसं ते गेलं. घरात त्या नावाचं कुणीच नव्हतं. बायका घाबरल्या, आणि मामींनी ग्लास धुऊन देवळीत उपडा घालून ठेवला.

"तवापासनं त्याला कुनी हात लावत न्हाई, सर," तो म्हणाला. "मामी म्हनती, ज्याचं हाय तो यील."