कडीचा डबा आणि तीन गावांची शीव

आमच्या घरातला स्टीलचा एक कडीचा डबा गेल्या हिवाळ्यात चार वेळा हरवला आणि पाच वेळा सापडला.

आकड्यात चूक नाही. मी तीस वर्षं जमिनीच्या मोजणी खात्यात काढली आहेत. वीतभर बांध इकडचा तिकडे झाला तर माणसं कुऱ्हाड घेऊन अंगावर येतात, अशा ठिकाणी उभं राहून मी कधी आकडा चुकलो नाही. चुकलो तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही एका डब्यात!

निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात हिनं (म्हणजे आमच्या मंदानं) मला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. कारण एवढंच, की मोहरी तडतडायच्या आधी हिंग पडतोय हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं होतं. तेव्हा पुण्याला असणाऱ्या आमच्या लेकीनं, अश्विनीनं, माझ्या मोबाईलमध्ये एक खेळ घालून दिला. जिओकॅशिंग. कुणीतरी कुठंतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण मोबाईल हातात धरून तो हुडकायचा, आतल्या वहीत तारीख घालून सही करायची, बारकीसारकी वस्तू घ्यायची, आपली एखादी ठेवायची आणि डबा होता तिथं परत ठेवून द्यायचा.

"म्हणजे लपंडाव," मंदा म्हणाली. "फक्त समोर माणूस नाही, डबा आहे."

"अगं, जगभर खेळतात!"

"खेळू द्या की. तुम्ही घराबाहेर असलात म्हणजे झालं."

मी घराबाहेर राहिलो. सहा महिन्यांत आमच्या काष्टीपासून पुण्यापर्यंत चाळीसेक डबे हुडकले. पण मोजणीतला माणूस नुसती सही करून गप्प बसेल का? मी प्रत्येक वहीत शेरे मारायला लागलो. 'जागा सामान्य.' 'पेन्सिलीला टोक नाही.' 'वही दमट, मालक बेफिकीर.' 'प्लॅस्टिकचा डबा म्हणजे शुद्ध आळस.' आणि प्रत्येक शेऱ्याखाली खात्यातली जुनी सवय म्हणून, 'तपासलं. बरोबर नाही.' (तीस वर्षांत 'बरोबर आहे' मी फार जपून वापरलं.) पुण्याजवळच्या एका टेकडीवर केळकरबाई नावाच्या निवृत्त गणित शिक्षिकेचा डबा होता. त्यांच्या वहीत मी लिहिलं, 'झाकण सैल. आतून गंज. पुन्हा यावंसं वाटत नाही.'

आठच दिवसांत आमच्या खेळाडूंच्या गटात बाईंचा निरोप आला. 'आपला स्वतःचा डबा कुठे आहे? बघायला आवडेल.'

माझा डबा नव्हता! गटातल्या सगळ्यांना तो कुठे आहे हे अचानक जाणून घ्यायचं होतं. त्यात गटानं स्पर्धा जाहीर केली: लक्षात राहणारा आणि उत्तम निगा राखलेला डबा. परीक्षक, केळकरबाई. आता माघार घेतली असती तर चाळीस वह्यांमधले माझे चाळीस शेरे माझ्याच अंगावर आले असते.

जागेची चिंता नव्हती. काष्टीपासून पाचेक किलोमीटरवर तीन गावांच्या शिवा एका दगडाशी मिळतात. त्या दगडावर बसलं की माणूस एका गावात, डावा पाय दुसऱ्या गावात आणि उजवा तिसऱ्यात. शेजारी जुना कडुलिंब, त्याला हाताच्या उंचीवर ढोली. तो दगड मी स्वतः तीनदा मोजलेला आहे. यापेक्षा लक्षात राहणारी जागा पुण्याच्या बाईंना कुठून मिळणार?

प्रश्न डब्याचा होता. प्लॅस्टिकला मी आळस म्हणून बसलो होतो. शेवटी माळ्यावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, कडीचा डबा दिसला. लग्नात मंदाच्या कर्जतच्या मामांनी दिलेला. त्यावर टोचून टोचून नाव घातलेलं: 'चि. सौ. कां. मंदा हिस मामांकडून'. एकोणतीस वर्षांत त्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता. झाकण असं घट्ट, की उघडताना माझ्याच हनुवटीवर आपटलं. मी तो पिशवीत घातला, आत कोरी वही, टोक काढलेली पेन्सिल आणि पाच काचेच्या गोट्या ठेवल्या, आणि ही देवळात गेल्याचं बघून गाडीला किक मारली.

ही गोष्ट सोमवारची. शनिवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दारात हाक आली.

"भाऊसायेब हायेत का?"

पारूबाई. त्या कडुलिंबाला लागून त्यांचं रान. दर बाजाराला भाजी घेऊन येतात. त्यांच्या डोक्यावर पाटी आणि हातात... मामांचा डबा!

"तुमचा डबा ढोलीत ऱ्हायला हुता बगा. नाव वाचलं, म्हनलं मोजनीवाल्या भाऊसायबांच्या मालकीनबाईंचा. कुनाच्या हाती लागला असता तर?"

मंदा बाहेर आली. तिनं डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, एकोणतीस वर्षांचा संसार आज शिवेवर आला.

"रानात जेवायला नेला होता," मी म्हणालो.

"जेवून गेल्तात की घरून! दोनदा भात घेतला हुतात," ती म्हणाली. (रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते.) तिनं झाकण उघडलं. डबा भुईमुगाच्या शेंगांनी गच्च भरलेला.

"रिकामा कसा आनायचा?" पारूबाई म्हणाल्या.

आणि इथंच सगळं बिघडलं. कारण पारूबाईंनी डबा रिकामा आणला नाही म्हटल्यावर मंदाही रिकाम्या हातानं त्यांना कशी पाठवणार? तिनं कागदात चकल्या बांधून दिल्या. दोघी तासभर बोलत बसल्या. डबा धुऊन, पुसून, वही-पेन्सिलीसकट पुन्हा माळ्यावर गेला. मी मंगळवारी तो पुन्हा ढोलीत ठेवला.

शनिवारी तो पेरू घेऊन परत आला.

मी पारूबाईंना गाठून नीट समजावलं. खेळ आहे, लोक डबा हुडकत येतील, सही करतील, वस्तू घेतील, वस्तू ठेवतील.

"आन डबा?"

"डबा तिथंच ठेवायचा."

"लोकाचा डबा घावल्यावर तिथंच सोडून जायाचं?" पारूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तीस वर्षांत कुणी मोजणीच्या नोटिशीकडेही तसं पाहिलं नसेल. "आमच्या घरात असलं न्हाई चालत, भाऊसायेब."

तिसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. नावावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. नावच नाही तर परत कुणाला करणार? शनिवारी डबा आला तो नवा कोरा होऊन! पारूबाईंनी राखेनं आणि काथ्यानं घासून चिकटपट्टीचा अंशही ठेवला नव्हता. "कुनीतरी चोरानं नाव झाकलं हुतं बगा!" त्या म्हणाल्या. आत शेवग्याच्या शेंगा उभ्या मावल्या नव्हत्या म्हणून तोडून घातलेल्या.

"चोरांचा लई सुळसुळाट झालाय," मंदा माझ्याकडे बघत म्हणाली.

मी अश्विनीला फोन केला. "बाबा, सरळ प्लॅस्टिकचा डबा ठेवा ना!" ती म्हणाली. ते मला सुचलं नव्हतं असं नाही. पण चाळीस वह्यांत लिहून ठेवलेलं होतं ना! मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती हसतच सुटली आणि तिनं फोनच ठेवून दिला.

तेवढ्यात केळकरबाईंनी कळवलं. शनिवारी सकाळी अकराला येते. मी शुक्रवारी संध्याकाळी जाऊन डबा चौथ्यांदा ठेवला. कडी तपासली, झाकण तपासलं, उन्हात धरून चकाकी पाहिली. शनिवार म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे पारूबाई, हे तीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही!

मालकानं जागेवर थांबायचं नसतं, म्हणून मी घरी बसलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मी दगडाशी उभी आहे. ढोलीत हात घातलाय. मुंगळे आहेत. डबा नाही."

"असणारच! नीट बघा. जरा खोलवर..."

आणि स्वयंपाकघरातून डब्याची कडी वाजली. मी फोन छातीशी धरून आत डोकावलो. पारूबाई पाटावर बसून चहा पीत होत्या. मधोमध मामांचा डबा!

"गाय व्याली," पारूबाई म्हणाल्या. "खरवस हाय. डब्यातच लावलाय, वडी मोडू नका."

"बाई, तिथंच थांबा! शोधत राहा! सगळ्या बाजूंनी!" मी फोनमध्ये ओरडलो, डबा उचलला आणि पळालो.

"अवो, खरवस घेऊन कुठं निघालात?" मंदा ओरडली.

"ढोलीत!"

गाडीवर पायांत डबा धरून मी निघालो खरा, पण बाजाराच्या दिवशी काष्टीच्या रस्त्यावरून पळून जाणं कुणाला जमलंय? पुढं बैल, मागं टेम्पो, मधे कोथिंबीर. एका शेळीवाल्यानं "भाऊसायेब, कुनाची मोजनी?" असं विचारून रस्ताच अडवला. आणि समोरून एक पांढरी गाडी येऊन माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून थांबली. काच खाली झाली. आत पांढऱ्या केसांच्या बाई. दोन्ही हातांना मुंगळे चावल्याच्या गांधी.

"गटातल्या फोटोवरून ओळखलं तुम्हाला. तिथं थांबून काय करू?" केळकरबाई म्हणाल्या. "म्हटलं, पत्ता विचारत तुमच्या घरीच जावं." मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "हाच का तो?" डबा पाचव्यांदा सापडला.

मी तीन गावांच्या शिवा शांतपणे सांगितल्या आहेत. भावाभावांच्या वाटण्या सांगितल्या आहेत. पण त्या क्षणी माझ्या तोंडून फक्त एवढंच निघालं: "खरवस आहे. घ्याल का?"

बाई घरी आल्या. पारूबाईंनी त्यांच्या हातांना आधी चुना लावला, मग मंदानं खरवस कापला. बाईंनी एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि मग शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "वही?"

"ती भिजंल म्हनून पिशवीत ठेवलीय," पारूबाई म्हणाल्या, आणि भाजीच्या पिशवीतून वही काढून दिली. कोरडी ठणठणीत.

आता एक कबुली द्यायला हवी. चाळीस डब्यांच्या वह्या पानोपानी तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं स्वतःच्या डब्याची वही त्या महिनाभरात एकदाही उघडून पाहिली नव्हती! झाकण घट्ट, पत्रा चकचकीत, मग आत काय बघायचं? केळकरबाई मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'पारूबाई. डबा ढोलीत घावला. शेंगा घातल्यात.' खाली, 'मंदा. डबा पोचला. चकल्या दिल्या, भाजणी जरा जास्त भाजली गेली.'"

"छान झाल्या हुत्या," पारूबाई म्हणाल्या.

"'पारूबाई. आज पुन्ना घावला. भाऊसायेब ढोलीत हात घालून बसले हुते. तब्बेत बरी हाय का त्यांची?' खाली, 'मंदा. तब्येत बरी आहे. निवृत्त झालेत.'"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"'पारूबाई. त्यांचा खेळ हाय म्हन्तात. मंग डबा आनून द्यायाचा का न्हाई?' खाली, 'मंदा. आणून द्या. त्या निमित्तानं तुमची भेट होते. एकोणतीस वर्षं डबा माळ्यावर होता, मामा बघायला असते तर म्हणाले असते, वापरायला दिला होता.'"

मंदानं उगाचच पातेलं उचलून दुसरीकडे ठेवलं. मला एकदम फार वाईट वाटलं आणि लगेच फार बरंही वाटलं. मी लपवला म्हणून डबा हरवत होता आणि या दोघींच्या हातात तो नांदत होता. (हे मी तेव्हा बोललो नाही. तोंडात खरवस होता.)

केळकरबाईंनी पेन्सिल घेतली, टोक बोटावर टेकवून पाहिलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या. वही मिटून मंदाच्या हातात दिली. पारूबाईंना त्यांच्या रानापर्यंत गाडीतून सोडते म्हणाल्या, आणि दोघी शेवग्याबद्दल बोलत निघूनही गेल्या.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. पहिला क्रमांक आमच्या डब्याचा! प्रशस्तिपत्र टपालानं आलं. मालकाचं नाव बाईंनी डब्यावर बघून घातलं होतं: 'सौ. मंदा'. आणि निगा राखणार म्हणून, 'श्रीमती पारूबाई'. मी चष्मा पुसून मागची बाजूही पाहिली. मागं कोरं होतं.

तेव्हा कुठं मी वही उघडून बाईंचा शेरा वाचला.

'जागा: मायेची. डबा: रोज घासलेला. वही: आजवर वाचलेल्यांत सर्वोत्तम. डब्यासोबत एक गृहस्थ सापडले. झाकण सैल, आतून गंज. तरी पुन्हा यावंसं वाटतं.'

आणि त्याच्या खाली, माझ्याच टोक काढलेल्या पेन्सिलीनं, मंदाच्या अक्षरात:

'तपासलं. बरोबर आहे.'