तीन केबीचा कचरा

इस्पितळाच्या सर्व्हर खोलीतल्या बाईंना सगळे लवंगी म्हणत. उंची जेमतेम साडेचार फूट; वरच्या सर्व्हरचे दिवे बघायला स्टुलावर चढावं लागे. मिरचीचं नाव मात्र मिळालं होतं जिभेमुळे. टायपिस्ट म्हणून लागलेली ही शिंप्याची लेक वीस वर्षांत त्या खोलीची कर्तीसवरती झाली होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

त्या सकाळी नव्या साहेबांनी नको असलेल्या फाइलींची साफसफाई काढली. इस्पितळाची बारा कामं बारा कॉम्प्युटरवर चालत, पण ते कॉम्प्युटर खरे नव्हतेच. एकाच मोठ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने मांडलेले होते. प्रत्येकाचं एक फोल्डर. त्यात एक अगडबंब फाइल, म्हणजे त्याची डिस्क, आणि एक चिमुकली: मेमरी किती, डिस्क कुठली, नेटवर्क कार्डाचा नंबर काय. रक्ततपासणीचं मशीन, म्हणजे असाच एक कॉम्प्युटर, बंद करून साहेबांनी नेमकी ती चिमुकली उडवली. पुन्हा सुरू करायला गेले, तर मशीन यादीतूनच गायब!

वर ऑपरेशन थिएटरात मांडी मोडलेला एक गवंडी आडवा पडला होता. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते.

"नवं मशीन बनवतो, जुनी डिस्क जोडतो," साहेब घाम पुसत म्हणाले.

"बनवा की," लवंगी म्हणाली. "पण तपासणीचा प्रोग्राम जुन्या कार्डाचा नंबर बघितल्याशिवाय चालूच होत नाही. पाठ आहे तुम्हाला?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग सरका जरा."

लवंगी स्टुलावर चढून बसली आणि तिने त्याच फोल्डरातली लॉग फाइल उघडली. दर वेळी सुरू होताना मशीन आपली सगळी मापं तिथे लिहून ठेवतं, हे तिला ठाऊक होतं. बाप म्हणायचा, कापड कितीही भारी असू दे, मापं हरवली की सदरा होत नाही. एकेक ओळ उचलून तिने फाइल नव्याने लिहिली, यादीत चढवली, बटण दाबलं. मशीन उठलं. प्रोग्रामने जराही कुरकुर केली नाही.

पाच मिनिटांत गवंड्याचा रिपोर्ट वर गेला. लवंगीचे डोळे भरून आले; तिने ते लपवलेही नाहीत.

"तीन केबीची तर होती," साहेब पुटपुटले. "एवढीशी फाइल, मला वाटलं कचराच असणार."

लवंगी स्टुलावरून खाली उतरली आणि मान वर करून म्हणाली, "आकारावरून कचरा ठरवायचा, तर मला पहिल्याच दिवशी झाडून काढलं असतं की हो!"