ताड नसलेल्या झाडाची पानं

मालेगावच्या वाटेवर आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. वांगी, मिरची, कोबी. कोणत्या वाफ्याला कधी पाणी, याची यादी मी खांबाला टांगून ठेवते. यादीत सगळ्यात शेवटी एक परकं झाड आहे, पनामा हॅट पाम. नावात पाम असलं तरी ते ताडाच्या कुळातलं नाही. त्याचं कुळ सायक्लँथेसी, अमेरिकेतल्या ओल्या जंगलांतलं. त्याला खोड नसतं. लांब देठांची पानं थेट जमिनीतून येतात आणि पंख्यासारखी चार भागांत फाटतात. कोवळ्या पानांच्या टोप्या विणतात. आपल्याकडच्या उन्हात ते तगणार नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. हिरव्या जाळीखाली, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाणी मारून मी ते जगवलं. यंदा पहिल्यांदाच देठांच्या बुडाशी कळी दिसली.

त्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाई विळा घेऊन आल्या. त्यांच्या लेकीचं, माझ्या पुतणीचं लग्न होतं, आणि मांडवासाठी हिरवं मागायला आलेल्याला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

"दाराच्या दोन्हीकडं पंखे लावतो. ताडच तं हाय, पुन्हा फुटीन."

"ताड नाही बाई. पाचच पानं हायेत, अन् कळी आली. पानं गेली तं कळी वाळीन."

"मांडवाले नाही म्हनून राह्यली तू? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. केळीचे खांब न्या, लागतीन तेवढे."

"केळी तं साऱ्यायच्याच मांडवात असते! पोरीपक्षा झाड मोठं झालं का तुले?"

"पोरीसाठी चार दिवस राबतो मी. पान देनार नाही."

त्या रिकाम्या हातानं गेल्या. घरात नवरा म्हणाला, दोन पानांनी काय बिघडलं असतं? मी यादीत लिहिलं: पानं तोडायची नाहीत, कोणासाठीही.

चार दिवस मी मांडवात राबले. जाऊबाई मला कामं दुसऱ्यांकरवी सांगायच्या.

लग्नाच्या सकाळी कळी उघडली. जाड कणसाभोवती पांढरे लांब धागे, ओल्या शेवयांसारखे लोंबत होते. मादीफुलांचे हे धागे दिवसभरात गळून जातात, म्हणून मी तिथंच बसून राहिले. फळ धरणार नव्हतं. परागण करणारे भुंगे इथं नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मांडवात उशिरा पोचले. जाऊबाईंनी साऱ्या पाहुण्यांदेखत विचारलं, "कुठं होती व इतका वेळ?"

"फूल उमललं. ते पाहत होती."

कोणीतरी हसलं. मी पदर खोचला, वरणाची बादली उचलली आणि पहिल्या पंगतीपासून वाढायला लागले.