दार नसलेल्या इमारतीची समिती

समितीच्या बैठकीचे इतिवृत्त कार्यालय लिहून ठेवते, आणि त्यात कोणीही कधी हसत नाही. बैठकीत प्रत्यक्ष जे घडते ते मात्र ज्याचे त्याला घरी घेऊन यावे लागते. माझ्याकडे अशी बरीच शिल्लक साठली आहे. संध्याकाळी मैत्रिणी फिरायला आल्या की त्यातली थोडी खर्ची पडते. तरी संपत नाही!

भिलाईतल्या एका विद्यापीठाने आपल्या बिझनेस स्कूलसाठी नवी इमारत बांधायचे ठरवले. समितीत परिसरातील एक नागरिक हवा होता, म्हणून सेक्टर 10 च्या महिला मंडळाची जुनी सचिव या नात्याने मला बोलावणे आले. मी जुनी मॅट्रिक. बिझनेस मला येत नाही. मला बैठकीला वेळेवर येणे येते, आणि त्या विषयात मी समितीत एकटीच होते!

आर्किटेक्ट अपूर्वा रायपूरची. चुणचुणीत मुलगी, फक्त मला "आंटीजी" म्हणे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "इमारत कोलॅबरेटिव्ह असेल, फ्लेक्झिबल असेल. भिंती सरकतील. केबिन कोणालाच नाही. सब लोग साथ बैठेंगे!"

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख प्राध्यापक गजभिये यांचे हात तेवढे टेबलावरच राहिले.

* * *

गजभिये नागपूरकडचे. उभी नोकरी त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर काढली, कारण जुन्या इमारतीत केबिन एकच आणि ती विभागप्रमुखांची. ते स्वतः प्रमुख झाले, त्याच महिन्यात त्या केबिनचे छत गळू लागून तिला कुलूप लागले. आणि आता नव्या इमारतीत केबिन हा प्रकारच रद्द! निवृत्ती तोंडावर आलेली.

"काकू," ते मला म्हणाले, "मले बाकी काई नाई पायजे. एक दार पायजे. कोनी टकटक केलं का मी आतून 'या' म्हनीन. बस!"

बढतीच्या दिवशीच त्यांनी पितळी पाटी करून घेतली होती. ती घरात पडून राहिली, तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "कावून पडू देता? लावा कुठंतरी." घरातली सगळी दारे दिवसभर सताड उघडी, पाटी दिसावी असे, कायम लोटलेले दार एकच. मी त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि बाहेर झळकत होते: "प्रा. गजभिये, विभागप्रमुख. परवानगीशिवाय आत येऊ नये."

* * *

फ्लेक्झिबल फर्निचरचा अनुभव यावा म्हणून दुसऱ्या बैठकीला चाकांच्या खुर्च्या आणि चाकांचे टेबल मागवले. बैठक जुन्या मेसच्या हॉलमध्ये होती. तिथली फरशी धुतलेले पाणी वाहून जावे म्हणून मोरीकडे उतरती केलेली.

चर्चा रंगत गेली तशी समिती हळूहळू मोरीकडे सरकू लागली. टेबलासकट! पदाचा मान राखून कोणीही तसे बोलून दाखवले नाही. मी माझी लाकडी खुर्ची सोडली नव्हती. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला मला आवाज वाढवावा लागला. शेवटी रजिस्ट्रार भिंतीला टेकून म्हणाले, "आंटीजी, आप इतनी दूर क्यों बैठी हैं?"

* * *

तिसऱ्या बैठकीत ग्रंथपालांनी शांतता मागितली आणि कॅन्टीनवाल्यांनी वर्दळ. अपूर्वा म्हणाली, "दोन्ही मिळेल. मधली भिंत सरकवायची."

"सरकवणार कोण?" रजिस्ट्रारांनी विचारले.

झाले! भिंत सरकवणारा माणूस चतुर्थ श्रेणीतला की तांत्रिक, यावर दुपार गेली. तो रजेवर गेल्यास भिंतीचा प्रभार कोणाकडे, यावर चहा झाला. अखेर एकमताने ठरले, की भिंत कोणीही हलवू नये. ठराव मीच वाचून दाखवला: "सरकत्या भिंती कायमस्वरूपी बसवाव्यात."

* * *

मग पुठ्ठ्याचे मॉडेल आले. भिंती बोटाने सरकवता येत होत्या. अपूर्वा फोन घ्यायला बाहेर गेली, आणि चहा पिता पिता ज्याने त्याने आपापली भिंत जराशी पुढे ढकलली.

ती परत आली तेव्हा लेखा विभाग पार शेजारच्या दुर्ग शहराच्या दिशेला पोहोचला होता आणि जिना कंपाउंडच्या बाहेर पडला होता.

"सर, वर जायचं कसं?" ती रडकुंडीला आली.

लेखाधिकारी बशी पुसत म्हणाले, "वर आमचं काई काम नसते."

गजभिये यांनी मात्र कोणतीही भिंत ढकलली नाही. त्यांनी चार भिंती उचलून एक चौकोन केला. अपूर्वाने तो नम्रपणे मोडला.

* * *

अखेर कुलगुरू पाहणीला येणार असे कळले. त्यांनी मान डोलावली की नकाशा कायम. केबिनचा विषय संपला. मोकळ्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने सगळा नकाशा आखून ठेवला होता.

मी नेहमीप्रमाणे आधी पोहोचले. माझ्याही आधी गजभिये आले होते. सामाईक हॉलच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने चुन्याचा एक जादा चौकोन आखला होता, एका बाजूला दाराएवढी फट सोडून. आत टेबल, खुर्ची आणि फाइल घेऊन ते बसले होते. टाय लावून!

कुलगुरू आले. मागे रजिस्ट्रार, लेखाधिकारी, सगळे. अपूर्वा सांगत होती, "सर, इथे कुठेच अडथळा नाही. कोई भी, किसी से भी, कभी भी मिल सकता है." कुलगुरू ग्रंथालयाच्या भिंतीतून आरपार गेले, दोन वर्ग तुडवले, कॅन्टीन ओलांडले, आणि त्या चौकोनापाशी आले.

गजभिये यांनी फाइलमधून डोके वर काढले नाही.

कुलगुरूंचा उचललेला पाय रेघेवर तसाच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, वळसा घालून फटीपाशी गेले आणि बोट वाकवून हवेत दोनदा टकटक केली.

"गजभिये जी, आ जाऊँ?"

"दो मिनट," गजभिये पान उलटत म्हणाले. "बाहर बैठिए."

कुलगुरूंनी त्या उघड्या मैदानावर चहूकडे पाहिले, आणि रजिस्ट्रारांच्या कानाशी लागून विचारले,

"बाहर किधर है?"