वरतून मिरची टाकायची नाही

आमच्या प्रभागाचा नगरसेवक अचानक वारला आणि पोटनिवडणूक लागली. माणूस फटकळ होता, पण जिवंत होता तोवर त्याने भाजीबाजाराच्या मैदानाला कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या तेरवीचं जेवण पचत नाही तोच एक ठेकेदार उभा राहिला. मैदानावर दुमजली गाळे बांधू, असं सांगत दारोदार फिरू लागला. तिथे तरट टाकून बसणाऱ्या आम्हा बायकांनी कुठे जायचं, ते मात्र मेल्याने सांगितलं नाही!

मग माझी मोठी जाऊ उभी राहिली. बाजारात तिचा शब्द चालायचा, पण भाषण म्हणाल तर शून्य. भासरे, म्हणजे तिचे यजमान, वैतागले. "कावून डोक्याले ताप लावून घेतं?"

"जागा गेली तं डोक्सं घेऊन काय करू?" ती म्हणाली. भासरे टोपी घालून तिच्यासोबत अर्ज भरायला निघाले.

चिन्ह मिळालं हिरवी मिरची. ठेकेदाराची माणसं खिदळली. अकोल्याहून, जुन्या शहरातल्या माझ्या माहेराहून फोन आला, "हे काय वं, ठेच्यावर निवडून येता काय?" माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

आता आमच्याकडची रीत अशी, की भाजी घेतली की पिशवीत वरतून चार हिरव्या मिरच्या आणि सांबाराची काडी फुकट पडायचीच. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे कुणी मागत नाही आणि कुणी उपकारही मानत नाही. आम्ही नेहमीसारख्या मिरच्या टाकत राहिलो, डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ठेकेदाराने थेट तक्रार ठोकली, की या बायका मतदारांना चिन्ह फुकट वाटतात! निवडणुकीचे साहेब आले, बिचारे ओशाळूनच म्हणाले, "आचारसंहिता आहे ताई. मतदान होईपर्यंत मिरची फुकट द्यायची नाही."

मी भांडायला उठले, तर जाऊबाईने माझा पदर ओढला. "साहेब म्हन्ते तसंच करू," ती म्हणाली. तिचं डोकं कुठे धावलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गिऱ्हाईक वांगी घ्यायचं, पिशवी उघडी धरून उभंच राहायचं.

"मिरच्या नाई टाकल्या वं?"

"बंदी हाय. मिरची आमच्या बाईचं चिन्ह हाय ना."

"कोनं केली बंदी?"

"थ्या ठेकेदारानं तक्रार केली."

"आता आमच्या भाजीतली मिरचीबी काढते का थो?"

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्यांना पोटनिवडणूक आहे हेही ठाऊक नव्हतं, त्या घरांतही रोज संध्याकाळी फोडणीच्या वेळी ठेकेदाराचा उद्धार होऊ लागला. आम्हाला प्रचाराला फिरावंच लागलं नाही. मतमोजणीला तो पहिल्या फेरीपासून मागे पडला, तो पडतच गेला. आम्ही गुलालात न्हालो. भासरे तर असे नाचले, की त्यांची टोपी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही.

पण गाळ्यांचा प्रस्ताव अजून जिवंत होता. ठेकेदाराच्या दोस्तांनी तो पालिकेच्या पहिल्याच सभेत आणला. आम्ही बाजारातल्या साऱ्या बायका बाहेर खिडकीखाली उभ्या. आत जाऊबाई उठली. घोकून घेतलेलं भाषण ती पार विसरली असावी, कारण त्यातला एक शब्दही तिच्या तोंडून आला नाही.

खिडकीतून तिचा नेहमीचा बाजारातला आवाज आला. "या मैदानातून तुमच्या सगळ्यांच्या घरी भाजी जाते. हात वर करायच्या आधी, घरी जाऊन बायकोले काय सांगसान ते ठरवा."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळं सभागृह हसलं. आणि मतदान झालं तेव्हा ठेकेदाराच्या दोस्तांचे सोडले तर कुणाचे हात वर गेलेच नाहीत. प्रस्ताव पडला.

जाऊबाई बाहेर आली. "जागा आपली राह्यली," एवढंच बोलली. मी भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.

"रडतं काय वं," ती म्हणाली, "उद्या बाजार हाय. चाल, मेथी काढाची हाय."