पाटावरची रायफल

माझ्या बाबांचा शस्त्रपरवाना गेला तो माझ्यामुळे. मी शस्त्रविरोधी कार्यकर्ती आहे, तेव्हा हे माझ्या चळवळीचं आजवरचं एकमेव फळ म्हणायला हरकत नाही.

आम्ही जर्मनीत, नेकारसुल्म शहराजवळच्या एका गावात राहतो. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. वीस वर्षं इथे काढूनही त्यांना नावाने हाक मारणारी माणसं एकाच ठिकाणी होती: नेमबाजांच्या क्लबात, दर गुरुवारी. (माझ्या पत्रकात मी त्या जागेला ‘हिंसेची बालवाडी’ म्हटलं होतं. बाबांनी ते पत्रक घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवलं.) तिथल्याच एका म्हाताऱ्या सभासदाकडून त्यांनी जुन्या लष्करी रायफलचा ॲक्शन रीतसर परवान्यावर घेतला. ॲक्शन म्हणजे बंदुकीचं काळीज. बोल्ट, आणि तो ज्यात सरकतो ती पोलादी चौकट. नळी बसवण्याचं काम परवानाधारक कारागीर करणार होता. लाकडी दस्ता मात्र बाबा स्वतः तळघरात कोरत होते. अक्रोडाचं लाकूड आणि दोन वर्षं! माझ्या पदवीकडेसुद्धा त्यांनी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

“या लोखंडाने माणसं मारली असतील, बाबा,” मी एकदा ठणकावलं.

“म्हणून तर त्याला आता कागदावर नेम धरायला शिकवतोय,” ते पॉलिश पेपर घासत म्हणाले.

वाद हरायला लागले की मी दार आपटते. ते आपटलं, आणि थेट बाजारचौकात जाऊन सह्या गोळा करायला लागले. मागणी एकच: परवानाधारकांच्या घरी न कळवता तपासणी झालीच पाहिजे, आणि कोणाचीही गय नको.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पाटावर मांडून पुजतात. स्क्रूड्रायव्हर, विळी, आईचं शिलाई मशीन, दोन लॅपटॉप. कायद्याने शस्त्र ज्या तिजोरीत कुलूपबंद ठेवावं लागतं, ती बाबांनी उघडली आणि तो ॲक्शनही आणून ठेवला. हळद-कुंकू, झेंडू, बोल्टच्या खाचेत अक्षता. मी अर्थातच भाषण दिलं. त्यानंतर बाबांनाही जरा चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण रात्री ते तो उचलून तिजोरीत ठेवायला निघाले. आईने अडवलं. “अहो, उत्तरपूजा झाल्याशिवाय पाटावरचं हलवतात का कधी?” बाबा जर्मन कायद्याला घाबरतात, पण आईला जास्त.

दसऱ्याच्या सकाळी बेल वाजली. बाबा आंघोळीला गेले होते. दारात शस्त्रपरवान्याच्या आम्टमधल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, एक बाई आणि त्यांचा सहकारी. न कळवता तपासणी! मला इतका आनंद झाला की मी त्यांचं अभिनंदन केलं. या मागणीसाठी मी स्वतः सह्या गोळा केल्याचं सांगितलं, आमचं पत्रक दिलं आणि आमच्या घरालाही सवलत नको, असं बजावलं. त्या बाई बूट काढता काढता माझ्याकडे जराशा काळजीने बघत होत्या.

बाबा ओल्या केसांनी आले आणि त्यांनी तिजोरी उघडली. बाईंच्या कागदावर ॲक्शनचा नंबर होता, आत वस्तू नव्हती.

“पूजेत आहे ना ते,” आई म्हणाली. मी भाषांतर केलं.

सगळे बैठकीत आले. बाईंनी झेंडूच्या ढिगाकडे पाहिलं आणि हे इथे कधीपासून आहे, असं विचारलं. बाबा घसा खाकरून जर्मनमध्ये म्हणाले, “आल्झो, म्हणजे... आत्ताच काढलंय.”

इथे गप्प बसायला हवं होतं. कोणत्याही मुलीला कळलं असतं. पण मी पत्रकं वाटून वाढलेली! “खोटं आहे,” मी स्वच्छ जर्मनमध्ये म्हटलं, “काल संध्याकाळपासून इथेच आहे. रात्रभर.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी अक्षतांचा एक दाणा बोल्टवरून बोटाने बाजूला केला, एवढंच.

आईने उत्तरपूजा होईस्तोवर कोणी हात लावू नये, असा निरोप माझ्यामार्फत दिला, आणि ते दोघं सरकारी अधिकारी मोज्यांवर उभे राहून आरती संपायची वाट बघत राहिले. प्रसादाचा पेढा त्यांनी नाकारला. पदावर असताना भेटवस्तू चालत नाही म्हणे. ॲक्शन मात्र घेऊन गेले.

महिन्याभरात पत्र आलं: बाबा आता विश्वासार्ह नाहीत, परवाना रद्द. ॲक्शन कारागिराकडे ठेवला जाईल, आणि दुसऱ्या परवानाधारकाच्या नावावर झाला नाही तर भट्टीत जाईल. गुरुवारी क्लबात जायच्या वेळेला बाबा सोफ्यावर बसून हवामानाचा अंदाज बघायला लागले. तळघरातला दिवा लागेना. आई मला वाढायची, पण “अजून घे” म्हणायची नाही. आमच्या घरात ही मोठी शिक्षा आहे.

शेवटी तो ‘दुसरा परवानाधारक’ व्हायला मीच क्लबात नाव घातलं. वर्षभर दर गुरुवारी ‘हिंसेच्या बालवाडीत’ हजर राहिले. (नेम चांगला आहे. हे आमच्या गटात कोणाला सांगू नका.) मी पंचविशीच्या आतली, म्हणून परवान्याआधी मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला लागतो. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला बंदूक कशासाठी हवी?

“मला नकोच आहे,” मी म्हटलं. “बाबांना एक दस्ता पूर्ण करायचाय.”

ते बराच वेळ लिहीत राहिले. दाखला आला: स्वभाव संयमी, बोलणं विचारपूर्वक, व्यक्ती पूर्णपणे जबाबदार. मी तो जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला. वर्षभरात पहिल्यांदाच बाबा हसले, आणि इतके हसले की आईला पाणी आणावं लागलं.