प्राचीच्या दोऱ्याच्या एकवीस गाठी

लोकसमजुती गोळा करायला निघाले की कोणी काही सांगत नाही. वर्तमानपत्र उघडून बाकावर बसले की सगळे सांगतात. माझी मैत्रीण वासंती लोणावळ्याजवळच्या एका रुग्णालयात मुलांची डॉक्टर आहे. तिच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी दर गुरुवारी बसते, आणि मी न मागता माझ्या वह्या भरत जातात.

तिच्याकडे संधिवाताच्या तापाची मुले येतात. आधी घसा दुखतो, मग सांधे सुजतात, आणि दुर्लक्ष झाले तर हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही कित्येक वर्षे. हे वासंती रोज प्रत्येकाला सांगते. ऐकून घेतल्यावर लोक काय करतात, त्याचे हे किस्से.

*

कुसगावच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या गृहस्थांना मुलाच्या इंजेक्शनचे कार्ड फार जपून ठेवायला सांगितले होते. पुढच्या वेळी ते लॅमिनेट करून आले.

"आता तारीख कुठे लिहू?" सिस्टरने विचारले.

"मॅडम, बघा तरी, किती क्लीन राहिलंय!"

*

वडिवळ्याची नऊ वर्षांची प्राची दाखल झाली, तेव्हा तिचे दुखणे गुडघ्यातून घोट्यात आणि तिथून मनगटात गेले होते. तिची आई सुनंदा मला म्हणाली, "बाई, एका जागी ऱ्हातं ते साधं दुखणं. फिरतं ते बाहेरचं. म्हणून आदी भगताकडं न्हेलं."

वर्गीकरण नेटके होते. मी ते वासंतीला ऐकवले.

"दुखणं फिरतं हे तर आमच्याही पुस्तकात लिहिलंय," ती वैतागून म्हणाली. "मग आठ दिवस आधी माझ्याकडे आणायला काय झालं होतं?"

त्या आठ दिवसांत प्राचीच्या हृदयात बारीकसा आवाज येऊ लागला होता. पुन्हा ताप आला तर झडप वाचणार नव्हती.

*

भगताने तिच्या गुडघ्यावर काळा दोरा बांधला होता. सूज तपासताना वासंतीने तो कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. प्राची बरी होऊन घरी गेली, आणि पुढच्या इंजेक्शनला आलीच नाही. वासंतीने फोन केला.

"गुडगा बरा हाय आता," सुनंदा म्हणाली.

"इंजेक्शन गुडघ्यासाठी नाही, हृदयासाठी आहे."

"मंग सुई कमरंत का देता?"

वासंतीने फोन माझ्या हातात दिला.

*

समजूत घालायला मी वडिवळ्याला गेले. सुनंदाने फळीवरून एक जुना दिवाळी अंक काढला. त्यात माझाच लेख होता.

"तुमीच लिवलंय. दोरा तोडला की दुखणं उलटतं."

"अगं, ती लोकांची समजूत आहे असं लिहिलंय मी."

"मंग आमी कोण हाय?"

एवढ्या वर्षांत माझ्या लेखनाचे इतके नेमके परीक्षण कोणी केले नव्हते.

*

शेवटी भगताला गाठले. तो भाताच्या खाचरात बांध लिंपत होता.

"दोरा कापला कुणी?"

"डॉक्टरांनी."

"इच्यारून?"

मी विषय बदलला आणि एकवीस दिवसांचे सगळे समजावून सांगितले. त्याने चिखलाचे हात धुतले.

"आदी चुकल्याली सुई देऊन आणा तिला. मंग बगू."

त्याप्रमाणे आणल्यावर त्याने एकवीस गाठींचा नवा दोरा बांधला. रोज एक सोडायची. आणि शेवटची, ज्याने सुई दिली त्यानेच.

*

एकविसाव्या दिवशी दवाखाना उघडण्याआधीच मायलेकी दारात उभ्या होत्या. वासंतीने इंजेक्शन दिले. "शाब्बास. पळ आता."

प्राची हलली नाही. तिने पाय पुढे केला. दोऱ्याला एकच गाठ उरली होती, रोजच्या अंघोळीने आवळून बसलेली. बाहेर रांग लागली होती. वासंतीचा हात सवयीने ट्रेकडे गेला.

"कात्री न्हाई, डॉक्टर," प्राची म्हणाली. "नखानं."

वासंतीने माझ्याकडे पाहिले. मी वहीत पाहिले. मग तिने चष्मा कपाळावर चढवला आणि मुलीच्या पायाशी खाली बसली.

सिस्टरने दारातून डोकावून विचारले, "पुढचा पेशंट पाठवू?"

"थांबा जरा," सुनंदा म्हणाली. "डॉक्टर कामात हाईत."